आधी खात्री, मग पोलीस: सॉल्ट लेक सिटीतलं खोट्या अलार्मचं प्रकरण

१ डिसेंबर २००० पासून सॉल्ट लेक सिटीत, म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्याच्या राजधानीत, एक नवा नियम लागू झाला. घरातला किंवा दुकानातला चोरीचा अलार्म नुसता वाजला म्हणून पोलीस येणार नाहीत. आधी कुणीतरी जागेवर जाऊन पाहायचं. काच फुटलेली असेल, दार उचकटलेलं असेल, आत कुणी वावरताना दिसत असेल, तर पोलिसांना कळवायचं. मग पोलीस तातडीने येतील. जागेवर जाऊन पाहण्याचं हे काम मालकाचं, अलार्म कंपनीचं किंवा तिने नेमलेल्या खासगी सुरक्षा रक्षकाचं, पोलिसांचं नाही.

वाचायला हे अगदी साधं वाटतं. पण अलार्म विकणाऱ्यांचा सगळा धंदा ‘अलार्म वाजला की पोलीस येतात’ या भरवशावर उभा होता, आणि तो भरवसा खरा करून दाखवणाऱ्या पोलिसांचा पगार शहर देत होतं. या प्रकरणात मला कळीचा वाटतो तो हाच प्रश्न: अलार्म खरा आहे की खोटा, हे तपासण्याचा खर्च कुणाच्या माथी? खोट्या अलार्मवरचे बहुतेक स्थानिक नियम हा प्रश्न बाजूला ठेवून फक्त दंडाचे आकडे वरखाली करत राहतात. सॉल्ट लेक सिटीने त्यालाच हात घातला.

एक कॉल जवळून

नियमाआधी असा कॉल कसा जायचा ते पाहू. रात्री दुकान बंद करताना मागचं दार नीट ओढलेलं नाही. वाऱ्याने ते बोटभर हललं. दाराच्या चौकटीवर चुंबकाचा सेन्सर असतो; दार आणि चौकट एकमेकांपासून दूर गेली की त्याचं सर्किट तुटतं. भिंतीवरच्या पॅनलने फोनच्या तारेवरून देखरेख केंद्राला संदेश पाठवला. हे केंद्र शेकडो मैलांवर, दुसऱ्या राज्यातही असू शकतं. तिथल्या माणसाने दुकानात फोन लावला. रात्री तो कोण उचलणार? मग त्याने पोलीस कंट्रोल रूमला कळवलं आणि त्याचं काम संपलं.

आता शहराचं काम सुरू. घरफोडीच्या संशयावर एकट्या शिपायाला पाठवत नाहीत, म्हणून दोघे निघाले. इमारतीला चक्कर मारली, बॅटरीच्या उजेडात खिडक्या पाहिल्या, दारं हलवून पाहिली. किल्ली नाही, त्यामुळे आत जाता येत नाही. काहीच संशयास्पद नाही. ‘खोटा अलार्म’ अशी नोंद करून ते परत फिरले. असा एक कॉल साधारण २० मिनिटं खातो. दोन माणसांची २० मिनिटं म्हणजे हजार कॉलमागे ६६७ मनुष्यतास. आणि शहरात अशा कॉलची संख्या वर्षाला हजारोंच्या घरात होती. त्यातले शंभरात नव्याण्णव खोटे निघत. त्या काळच्या अंदाजानुसार २००२ साली अमेरिकाभर पोलीस सुमारे ३ कोटी ६० लाख अलार्मच्या मागे धावले आणि त्यापायी १८० कोटी डॉलर खर्च झाले. खोट्यांचं प्रमाण ९४ ते ९८ टक्के धरलं जाई.

या धावपळीची किंमत फक्त पैशांत मोजून भागत नाही. बहुतेक अलार्म खोटेच असतात हे कंट्रोल रूमला ठाऊक असल्याने असा कॉल रांगेत मागे ढकलला जातो. पोलीस पोहोचेपर्यंत खरा चोर असलाच तर केव्हाच पसार झालेला असतो. गस्तीवरचा शिपाईही मनाने ढिला पडतो. सलग पन्नास वेळा काही निघालं नाही की एक्कावन्नाव्या वेळी तो कोपरा वळताना सावध राहत नाही, आणि नेमका तेव्हाच आत कुणी असलं तर जिवावर बेततं. म्हणजे अलार्म बसवणाऱ्याला वेळेवर मदत मिळत नाही, आणि ज्याच्याकडे अलार्म नाही त्याच्या तक्रारीलाही पोलीस उशिरा पोहोचतात. दुसऱ्या माणसावरचा हा अन्याय चर्चेत फारसा येत नाही. अलार्म असलेली घरं शहरात थोडी असतात, पण त्यांच्या खोट्या हाकांचा खर्च सगळे करदाते मिळून उचलतात.

नव्याण्णव टक्के कसे होतात

नव्याण्णव टक्के खोटे म्हटलं की यंत्रं भंगार असावीत असं वाटतं. तसं नाही. समजा, एका गावात हजार अलार्म आहेत आणि प्रत्येक अलार्म वर्षातून फक्त एकदा विनाकारण वाजतो. यंत्र म्हणून ही कामगिरी चांगलीच म्हणायची. आता त्या हजार जागांपैकी दहा ठिकाणी वर्षभरात खरी घरफोडी झाली. एकूण १,०१० अलार्म वाजले, त्यातले १,००० खोटे. झाले नव्याण्णव टक्के. घरफोडी मुळात दुर्मीळ असते. त्यामुळे यंत्र बऱ्यापैकी चांगलं असलं तरी पोलिसांपर्यंत जाणारा कचराच जास्त असतो.

दंडाची पद्धत का लंगडी पडते, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांचा साचा ठरलेला आहे: अलार्मसाठी परवाना घ्या, वर्षातले पहिले दोन-तीन खोटे अलार्म माफ, पुढे चढता दंड, फारच झाले तर त्या पत्त्यावर पोलिसांनी जाणं बंद. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण वरच्या गावात कुणालाच दंड बसणार नाही. प्रत्येकाचा खोटा अलार्म एकच, तोही माफ, आणि पोलिसांच्या खेपा मात्र हजार. दंड सापडतो तो वारंवार चुकणाऱ्या मूठभर जागांना. खरा भार असतो कधीतरी एकदा चुकणाऱ्या असंख्य लोकांचा, आणि त्यातला एकही स्वतःला दोषी मानत नाही. शिवाय दंड लावायचा म्हणजे नोंदवही ठेवा, पत्रं पाठवा, हरकती ऐका, वसुलीमागे लागा. गस्तीवरचा वेळ वाचवायला निघालेलं खातं टेबलावरचं काम वाढवून बसतं. दंडाने खोटे अलार्म कमी होतात हे खरं, अनेक शहरांत झालेही आहेत. पण उरलेल्यांतही शंभरातले नव्वदच्या वर खोटेच असतात.

कारणं पाहिली तर माणसाची चूक सगळ्यात वर येते. बाहेर पडताना दार लावायला उशीर होतो, कोड चुकतो, सफाईला येणाऱ्या माणसाला कोड सांगायचा राहून जातो, पाहुणे पहाटे दार उघडतात. पाठोपाठ बॅटरी उतरणं, सैल झालेली दारं, घरातलं मांजर, हीटरच्या झोतात हलणारा पडदा. हालचाल टिपणारा सेन्सर उष्णतेतला बदल ओळखतो. तो बदल चोराचा की मांजराचा हे ठरवण्याइतकी समज साध्या सेन्सरला नसते. उपायही ठाऊक आहेत. बाहेर पडायला पुरेसा अवधी देणारं पॅनल, दोन वेगवेगळे सेन्सर पाठोपाठ चाळवले गेले तरच संदेश पाठवणारी जोडणी, पोलिसांना कळवण्याआधी मालकाच्या एका नव्हे तर दोन नंबरांवर फोन. एवढ्यावरही कितीतरी खेपा वाचतात. पण पोलीस फुकट तपासून देत असताना हे सगळं करण्याची निकड कंपनीला वाटावी कशी?

नियम आणि त्यावरचं वादळ

‘आधी खात्री’ ही कल्पना अगदीच नवी नव्हती. लास वेगासच्या पोलिसांनी १९९१ पासून ती राबवली होती. सॉल्ट लेक सिटीने तिला सिटी कौन्सिलच्या कायद्याचं रूप दिलं आणि तिची मर्यादाही नीट आखली. ती मर्यादा मला फार मोलाची वाटते. माणसाने स्वतः बटण दाबून दिलेले अलार्म या नियमातून पूर्ण वगळले. बँकेतल्या खिडकीखालचं दरोड्याचं बटण, घरात एकट्या असलेल्या बाईने दाबलेलं पॅनिक बटण, जबरदस्तीने कोड दाबायला लावल्यावर गुपचूप जाणारा इशारा, यांवर पोलीस पूर्वीसारखेच थेट जाणार. इथे एका जिवंत माणसाने ‘मला धोका आहे’ असं सांगितलेलं असतं. खात्रीची अट फक्त यंत्राच्या आपोआप वाजण्याला.

विरोध कडाडून झाला, आणि त्यातले सगळेच मुद्दे पोकळ नव्हते. पहिला मुद्दा: आम्ही कर भरतो, मग पोलीस का येऊ नयेत? याचं उत्तर सोपं आहे. गुन्ह्याला पोलीस येणारच आहेत. यंत्राच्या तपासणीला येणार नाहीत. दुसरा: चोरांना कळलं की अलार्मवर पोलीस येत नाहीत, तर त्यांना रान मोकळं. हा मुद्दा गंभीर होता, पण त्यात एक गृहीतक दडलेलं होतं की आधी पोलीस वेळेवर येत होते. रांगेत मागे पडलेल्या कॉलवर उशिरा पोहोचणाऱ्या गाडीपेक्षा जवळच फिरणारा खासगी रक्षक लवकर पोहोचू शकतो. तिसरा मुद्दा रक्षकाच्या जिवाचा. नि:शस्त्र, कमी पगारावरच्या माणसाला अंधाऱ्या इमारतीकडे पाठवायचं का? मला हा सगळ्यात वजनदार आक्षेप वाटतो. रक्षकाने आत शिरायचं नाही, बाहेरून पाहायचं, खूण दिसताच मागे सरून पोलिसांना फोन करायचा, एवढंच त्याचं काम, असं त्याचं उत्तर दिलं जातं. उत्तर बरोबर आहे, पण ते प्रशिक्षणावर अवलंबून आहे, आणि प्रशिक्षणावर कंपनी खर्च करते की नाही हे शहराने तपासत राहायला हवं. चौथा मुद्दा पैशांचा: रक्षकाच्या फेरीचा खर्च ग्राहकावर पडणार. पडतोच. माझ्या मते तो तिथेच पडायला हवा, कारण अलार्मचा फायदाही त्यालाच आहे.

निकाल काय लागला? अलार्मपायी होणाऱ्या पोलिसांच्या खेपा जवळपास नव्वद टक्क्यांनी घटल्या. घरफोड्यांचा जो स्फोट होईल असं सांगितलं जात होतं, तो झाला नाही. खात्री झालेला कॉल आता रांगेत वर येऊ लागला, कारण त्यामागे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. खऱ्या गुन्ह्यांसाठी गस्त मोकळी झाली. यंत्रं रातोरात सुधारली असं मी म्हणणार नाही. अलार्म पूर्वीसारखेच वाजत होते. फरक इतकाच की ते वाजल्यावर पहिली धाव शहराची नव्हती.

हा नियम सगळीकडे रुजला असं मात्र झालं नाही. डलासने २००६ मध्ये व्यापारी जागांसाठी अशीच अट घातली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली. त्यात मला राजकारणाचं गणित स्पष्ट दिसतं. ज्या दुकानदाराकडे पोलीस येणं थांबतं तो कौन्सिलच्या दारात उभा राहतो. गस्त मोकळी झाल्याने ज्याच्याकडे पोलीस दहा मिनिटं आधी पोहोचले, त्याला त्याचं कारणही ठाऊक नसतं. नुकसान झालेले लोक ओळखता येतात, फायदा झालेले विखुरलेले राहतात.

दुसऱ्या एका शहराने हाच प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेला सॅंडी स्प्रिंग्स आहे. तिथे दंडाची पावती घरमालकाऐवजी अलार्म कंपनीच्या नावाने फाडायचं ठरलं. कंपन्या आणि त्यांची संघटना २०१८ मध्ये कोर्टात गेल्या. दार ग्राहकाने उघडं ठेवलं, दंड आम्ही का भरायचा, असा त्यांचा सवाल होता. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण पोलिसांना फोन करणारं बोट कुणाचं? ग्राहकाच्या चुकीचं पोलिसांच्या खेपेत रूपांतर होतं ते कंपनीने खात्री न करता फोन केल्यावर. सेन्सर कुठे लावायचा, जुना पॅनल कधी बदलायचा, ग्राहकाला शिकवण्यावर किती वेळ घालवायचा, हेही कंपनीच्याच हाती. कनिष्ठ न्यायालयाने दावा फेटाळला आणि २०२० मध्ये संघराज्याच्या अकराव्या सर्किटच्या (न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. खोटे अलार्म कमी करणं हे शहराचं रास्त उद्दिष्ट आहे आणि कंपनीवर दंड लावण्याचा त्याच्याशी तर्कसंगत संबंध आहे, एवढं कायद्याला पुरेसं होतं. दरम्यान २०१९ मध्ये सॅंडी स्प्रिंग्सनेही खात्रीची अट घातली: आवाज, चित्र किंवा प्रत्यक्ष पाहणी यांपैकी एक आधार असल्याशिवाय चोरीच्या अलार्मवर पोलीस येणार नाहीत. २००० साली रक्षकाच्या पायपिटीशिवाय जे होत नव्हतं, ते आता अनेकदा कॅमेऱ्यावरून होतं.

आगीला हा नियम लावायचा का?

स्थानिक संस्था पुष्कळदा चोरीचा आणि आगीचा अलार्म एकाच नियमात गुंडाळतात, एकच दंडाचा तक्ता दोघांना जोडतात. मला ही घोडचूक वाटते. चोरीच्या अलार्मवर खात्री करण्यात १५ मिनिटं गेली तर जातो तो माल. आगीत तेवढ्या वेळात खोली नव्हे, मजला जातो. आणखी एक मोठा फरक आहे. चोरीचा अलार्म बाहेरच्याला बोलावण्यासाठी असतो. आगीचा अलार्म आधी आतल्याला बाहेर काढण्यासाठी असतो. त्यामुळे आगीचा खोटा अलार्म अग्निशमन दलाचा वेळ तर खातोच, शिवाय आत राहणाऱ्यांचा त्या आवाजावरचा विश्वासही पोखरतो.

१९ जानेवारी २००० रोजी, सॉल्ट लेक सिटीच्या नियमाआधी काही महिने, न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहात पहाटे साडेचारच्या सुमारास आग लागली. अलार्म वाजला. पण आधीच्या सत्रात तिथे १८ वेळा खोटे अलार्म वाजले होते, आणि बऱ्याच मुलांना हाही तसलाच वाटला. काहीजण अंथरुणातून उठलेच नाहीत. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून अधिक लोक जखमी झाले. यंत्राने आपलं काम केलं होतं. इमारत जुनी असल्याने छतात पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. न्यू जर्सीने त्याच वर्षी वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे करणारा कायदा केला. दिशा बरोबर होती: माणसांनी अलार्मवर विश्वास ठेवला नाही तरी आग आटोक्यात राहावी. मात्र खोट्या अलार्मचं मूळ त्याने जात नाही. ते जातं धूर ओळखणारा सेन्सर न्हाणीघराच्या वाफेपासून आणि स्वयंपाकाच्या धुरापासून दूर सरकवल्याने, स्वयंपाकघरात उष्णतेचा सेन्सर लावल्याने, गंमत म्हणून लाल पेटीचं बटण दाबणाऱ्याला शोधून काढल्याने. जिथे आगीच्या खोट्या अलार्मला दंड असेल तिथे तो अशा दुरुस्तीला जोडलेला असावा. नाहीतर दंड टाळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे अलार्मच बंद करून ठेवणं, आणि तो मार्ग लोक शोधतात.

तरीही सॉल्ट लेक सिटीचं तत्त्व आगीला मुळीच लागू होत नाही असं नाही. स्कॉटलंडच्या अग्निशमन सेवेने जुलै २०२३ पासून कामाच्या ठिकाणांच्या स्वयंचलित अलार्मवर, आग असल्याची खात्री झाल्याशिवाय, गाड्या पाठवणं थांबवलं. रुग्णालयं, वृद्धाश्रम, हॉटेलं, म्हणजे जिथे माणसं झोपतात अशा जागा मात्र वगळल्या. लंडनच्या दलाने ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक व्यापारी इमारतींसाठी तसंच केलं, पण फक्त सकाळी ७ ते रात्री साडेआठ या वेळात, आणि आग लागल्याचा फोन आला तर गाडी निघणारच. सॉल्ट लेक सिटीने पॅनिक बटण वगळून जी रेषा ओढली होती, तीच इथे झोप आणि जाग यांच्यामधून गेली आहे. जागी माणसं असलेल्या कार्यालयात कुणीतरी उठून पाहू शकतं. पहाटे चार वाजता वृद्धाश्रमात ते शक्य नसतं.

या रेषेच्या अलीकडे असलेल्या जागांवर मात्र नवं ओझं पडतं. कार्यालयात अलार्म वाजला की सगळ्यांना बाहेर काढायचं, पॅनलवर कोणता विभाग दाखवतोय ते वाचायचं, सुरक्षित असेल तरच तिकडे नजर टाकायची, आणि धूर किंवा ज्वाळा दिसताच फोन करायचा. हे जमणारा माणूस प्रत्येक पाळीला हजर हवा, पॅनलशेजारी विभागांचा नकाशा हवा, आणि तो माणूस रजेवर असेल त्या दिवशी हे काम कुणाचं, हेही आधी ठरलेलं हवं.